अर्ध्या तोंडाची मिसरी

माझ्या सासूबाईंचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागले तेव्हा घरात सगळ्यात जास्त चौकशा मी केल्या. चौकशा करणं हा माझा जुना आजार आहे. देशावरच्या एका नोकरदार घरातून लग्न करून मी वसईतल्या पाचूबंदरच्या कोळ्यांच्या घरात आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात इतके प्रश्न विचारले होते की सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "सून आनलीस का पोलीस आनलास?" पुढे आम्ही दोघं नायगावला फ्लॅट घेऊन राहायला गेलो. त्या मात्र किल्ल्याजवळचं आपलं घर सोडायला तयार झाल्या नाहीत. सकाळी बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, टोपल्या रिक्षात घालून वसईच्या बाजारात न्यायच्या आणि दुपार टळेपर्यंत विकायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सासरे गेल्यावरही त्यात खंड पडला नाही.

हलणारे दात त्यांनी बरेच दिवस लपवले. शनिवारी आम्ही जेवायला गेलो की त्या चिंबोऱ्यांच्या नांग्या आम्हाला फोडून द्यायच्या आणि स्वतः नुसता रस्सा-भात कालवून खायच्या. एकदा मी विचारलंच. त्यांनी खालचा ओठ ओढला आणि बोटाने एक दात पुढेमागे हलवून दाखवला, मग त्याच्या शेजारचा. अगदी मधोमधचे दोन, एक उजवीकडचा आणि एक डावीकडचा. हिरड्या खाली सरकल्यामुळे ते दात नको तेवढे लांब दिसत होते.

"काढून टाक आणि कवळी बसव," माझा नवरा सहज म्हणून गेला. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

कवळीचं प्रकरण मला नंतर कळलं. त्यांच्या थोरल्या बहिणीने कवळी बसवली होती. ती बहीणही बाजारात बसायची आणि तिचा आवाज सगळ्यात मोठा. एके दिवशी भाव पुकारता पुकारता तिची कवळी निसटली आणि समोरच्या सुरमईवर पडली. गिऱ्हाइकं हसली, शेजारणी हसल्या, ती स्वतःसुद्धा हसली. मग टोपलं झाकून घरी गेली आणि पुन्हा कधी बाजारात बसली नाही. घरात बसून बसून ती खचत गेली, हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दात गेलं तर मी बाजारात बसनार नाय," त्या म्हणाल्या. "तोंड मिटून म्हावरं इकलं जात नाय."

त्या सहसा असं काही बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे मी घाबरले. ते दोन दात म्हणजे त्यांचा बाजार, आणि बाजार म्हणजे त्या. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या बिल्डिंगखालच्या डेंटिस्टला गाठलं. ते म्हणाले की हे दातांचं नाही, हिरड्यांचं दुखणं आहे. आणि एका दातांच्या कॉलेजात नेमका हिरड्यांच्या आजारावर एक अभ्यास चालू आहे, तिथे घेतलं तर उपचारही होतील आणि नीट लक्षही ठेवतील. मला 'अभ्यास' हा शब्द ऐकूनच हुशारी आली. सासूबाईंना नाही आली.

"माज्यावर प्रयोग करनार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर नाही हो आई, तुमच्या हिरड्यांवर."

"हिरड्या काय मी शेजारनीकडून आनल्यात?"

तरी त्या आल्या. अभ्यास करणारी मुलगी दक्षिणेकडची होती. हिरड्यांच्या विभागात पुढचं शिक्षण घेत होती आणि मराठी ती पेशंटांकडूनच शिकली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात गावोगावच्या मराठी बोली कालवलेल्या असायच्या. सासूबाईंना ती पहिल्याच भेटीत आवडली, कारण तिने विचारलं, "मावशी, पापलेट ताजा कसा बघायचा?" एवढं मोठं तोंड उघडून बसलेल्या बाईला असा प्रश्न विचारणारी मुलगी मलाही आवडली.

मग तिने माहिती विचारायला सुरुवात केली. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का. आणि मग तंबाखू खाता का?

"नाय."

"बिडी, सिगरेट?"

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या.

"गुटखा? पान?"

"अगो, मी मासेवाली हाय, पानवाली नाय."

"मग दात एवढे काळे?"

"चाय पिते ना मी. दिवसभर चाय."

आता सांगायची गोष्ट अशी की सासूबाई मिसरी लावत. सकाळचा चहा झाला की ओट्यावर बसून, डाव्या तळहातावर काळी पूड घेऊन, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने हिरड्यांवरून अशी सावकाश फिरवत की बघणाऱ्यालाही गुंगी यावी. तोंड भरलेलं असेपर्यंत त्या नुसत्या हुंकारांनी सगळं घर चालवत. दुपारी बाजारात एकदा, संध्याकाळी एकदा. मिसरीशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. पूर्वी तर त्या स्वतःच तव्यावर तंबाखू काळीठिक्कर भाजून, कुटून मिसरी करायच्या आणि गल्लीभर ठसका उठायचा. म्हणजे मिसरी कशाची होते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तरी ते 'नाय' खोटं नव्हतं. तंबाखू खातात, मळतात, थुंकतात. ती वाया गेलेल्या पुरुषांची गोष्ट. मिसरीने बायका दात घासतात. माझ्या माहेरच्या काकवा-आत्याही हेच म्हणायच्या, म्हणून मीही शेजारी बसून निवांत मान हलवली. ती मुलगी आमच्या भागातली असती तर तिने मिसरी नाव घेऊन विचारलं असतं. तिला ते माहीतच नव्हतं.

अभ्यास असा होता. हिरडी आजारी पडली की दातापासून सुटते आणि दोघांमध्ये फट पडते. डॉक्टर तिला खिसा म्हणतात. त्या खिशात घाण साठते, आणि हिरडीखालचं हाड झिजत जातं. दोन्ही बाजू आतपर्यंत साफ करायच्या हे तर ठरलेलंच. त्यानंतर एका बाजूच्या खिशांत एक नवं औषध, जेलसारखं, पिचकारीने भरायचं आणि दुसऱ्या बाजूला तसंच दिसणारं साधं जेल. माणूस एकच, खाणं तेच, लाळ तीच, म्हणून तुलना चांगली होते. पण कुठल्या बाजूला खरं औषध हे पेशंटलाही सांगायचं नाही आणि मोजणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पिचकाऱ्या भरणारा तिसराच, आणि त्याने तोंड उघडायचं नाही.

"म्हंजे माज्या उजव्या दाताचं आन डाव्या दाताचं भांडन लावनार," सासूबाई म्हणाल्या. "आन भांडन कशावरून ते कोनालाच ठाव नाय."

मुलगी हसत हसत म्हणाली की अगदी बरोबर.

मी मात्र भारावून गेले होते. एवढी वर्षं औषधं गिळली, पण औषधाने बरं वाटलं की नुसतं बरं वाटायचं होतं म्हणून वाटलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि इथे लोक तो प्रश्न सोडवायला एकाच तोंडाचे दोन भाग करत होते. मला वाटलं, हे आधी का नाही कोणी शिकवलं आपल्याला?

मोजणी बघण्यासारखी असायची. खुणा केलेली बारीक सळई ती प्रत्येक दाताभोवती हिरडीत अलगद घालायची आणि आकडे सांगायची. बाजूची दुसरी मुलगी टिपून घ्यायची. तीन, तीन, पाच. चार, सहा, पाच. सासूबाईंचे कान लिलावाचे. पहिल्या भेटीतच त्यांनी ओळखलं की इथे बोली जितकी चढेल तितकं आपलं नुकसान. पुढच्या दोन दातांशी आल्यावर आकडे चढले, तशी त्यांची माझ्या हातावरची पकड घट्ट झाली.

मग फोटो काढले. ओठ दोन्हीकडून प्लास्टिकच्या हुकांनी ताणल्यावर माणूस कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. संगणकावर स्वतःच्या हिरड्या त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. "इतक्या काल्या?" त्या म्हणाल्या. विभागाचे सर तेव्हा मागे उभे होते. पोक्त, हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "आपल्या लोकांच्या हिरड्या थोड्या सावळ्या असतातच मावशी, तो जन्माचा रंग. त्याला आजार समजू नका. कडेची ही लाली आहे ना, तो आजार." ही गोष्ट सासूबाईंना पटणं कठीणच होतं. सगळं आयुष्य त्यांनी माशाचे कल्ले उघडून गिऱ्हाइकांना लाल रंग दाखवला होता. लाल म्हणजे ताजं. इथे लाल म्हणजे नासकं. घरी येईपर्यंत त्या हाच हिशेब लावत होत्या.

औषध कुठल्या बाजूला असेल यावर घरात पैजा लागल्या. नवरा म्हणाला उजवीकडे. सासूबाईही म्हणाल्या उजवीकडे, कारण तिकडे म्हणे जरा चुणचुणलं. मी म्हटलं की आपल्याला कळू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केलाय. पण मनातून मलाही जाणून घ्यायची खाज होतीच.

महिन्याने परत बोलावलं होतं. नुसती तपासणी, मोजणी नाही. ती आटपून बाहेर पडताना व्हरांड्यात सासूबाई एकाएकी थांबल्या. भिंतीवर तंबाखूचं पोस्टर होतं. सिगरेट, बिडी, गुटख्याच्या पुड्या, चुन्याची डबी, आणि खाली कोपऱ्यात एका बाईच्या तळहातावर काळी पूड, तिचं बोट तोंडात. त्या कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या.

"ही मिसरी ना गो?"

"मिसरीच."

"ह्यांनी ती तंबाखूत धरलीय."

रिक्षात बसल्यावर मी फोनवर वाचलं आणि त्यांना सांगितलं. धरतात. आणि हिरड्यांच्या आजारात तंबाखू मोठी वैरी, म्हणूनच त्या मुलीने अभ्यासात तंबाखूवाले घेतले नव्हते.

"जालून कोलसा केल्यावर तिच्यात तंबाखू काय रायली?" त्या चिडून म्हणाल्या. "आन तिनं मना इचारलं, खाता का. मी कुठं खाते?"

"आई, तिला सांगायला हवं. आत्ताच फिरू या का मागे?"

"मी सांगते. माजं तोंड हाय, मीच सांगते. पुडच्या वेली."

"आणि मिसरी?"

"बंद," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडे बघत बसल्या. मी खूश झाले. नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा, की तुझ्या आईने मिसरी सोडली, आहेस कुठे!

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. ब्रशला रक्त लागत होतं. आधी कधी लागलं नव्हतं. "मिसरी व्हती म्हनून थांबलं व्हतं," त्यांनी ठणकावून सांगितलं. "उजवीकडून येतंय." मी पुन्हा वाचायला बसले. तेव्हा कळलं की तंबाखूने हिरडीतल्या बारीक शिरा आवळल्या जातात. आजार आत असतो, पण रक्त बाहेर येत नाही. तंबाखू सुटली की शिरा मोकळ्या होतात आणि काही दिवस उलट जास्त रक्त येतं. म्हणजे वर्षानुवर्षं मिसरीने हिरड्या बऱ्या ठेवल्या नव्हत्या, गप्प ठेवल्या होत्या. हे वाचून मी थक्क झाले. मग एक प्रश्न उरला: रक्त फक्त उजवीकडूनच का? मी विचार केला आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. डावी बाजू शांत आहे, म्हणजे तिथला आजार कमी झालाय, म्हणजे खरं औषध डावीकडे आहे. रात्री जेवताना मी हे नवऱ्याला अशा थाटात समजावलं की त्याने पैज हरल्याचं कबूल केलं.

तीन महिन्यांची मोजणी आली. मुलगी सळई घेऊन बसली. आधी उजवी बाजू. दोन, तीन, दोन. तीन, दोन, तीन. सासूबाईंचे डोळे माझ्याकडे वळले. बोली उतरली होती. हिरडीची लाल कड गेली होती, रक्ताचा टिपूस नव्हता. मधला उजवा दात तिने चिमटीत धरून हलवून पाहिला. जवळजवळ पक्का. मग ती डाव्या बाजूला आली आणि आकडे पुन्हा चढले. मधला डावा दात आधीपेक्षा जास्त हलत होता.

मुलीला कुठल्या बाजूला काय हे माहीत नव्हतं, पण तिचा चेहरा लपत नव्हता. असा फरक तिला कोणाच्याच तोंडात दिसला नसावा. तिने सरांना बोलावून आणलं. सरांनी आरशाने दोन्ही बाजू पाहिल्या आणि भुवया वर केल्या. तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"डॉक्टर, मना सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी मिसरी लावते. पन आता ह्या बाजूला लावत नाय." त्यांनी उजव्या गालावर बोट ठेवलं. मग डाव्या. "ह्या बाजूला लावते."

मी तर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुमी अर्ध्याला औषद लावता, अर्ध्याला नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, आपन पन तसंच करून बगू. खरंच मिसरी वायट हाय का उगाच भिंतीवर लिवलंय. सगलीच सोडली असती तर कलनार कसं?"

मुलगी खुर्चीवर बसली. सरांनी मास्क खाली केला. त्यांना हसू फुटलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. मग त्यांनी खूप बारीक प्रश्न विचारले. कधीपासून, किती वेळा, पूड दुसऱ्या बाजूला जात नव्हती का? सासूबाईंनी बोट तोंडात घालून करून दाखवलं. डावा गाल फुगवायचा, जीभ मध्ये आडवी धरायची आणि थुंकायचं तेही डाव्या कोपऱ्यातून. त्यांनी यावर बरीच मेहनत घेतली होती.

"मावशी, तुम्हाला आता अभ्यासातून बाहेर काढावं लागेल," सर म्हणाले. "उपचारातून नाही काढणार."

"पोरीचा पेपर बिघडला?"

"तुमच्यापुरता."

पुढे काय करायचं हे ठरवण्यासाठी कुठे काय घातलंय हे कळणं आता भाग होतं. सरांनी पिचकाऱ्या भरणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ते यादी बघून आले आणि म्हणाले, "खरं औषध डावीकडे."

माझा तर्क बरोबर निघाला होता आणि त्यामागचं कारण साफ चुकीचं होतं. डावी हिरडी बरी झाली म्हणून शांत नव्हती. मिसरी चालू होती म्हणून शांत होती. असं बरोबर असण्याची मला फार लाज वाटली. पण तो विचार नंतरचा. त्या वेळी मी सासूबाईंकडे बघत होते. त्या सावकाश समजून घेत होत्या. उजवीकडे नुसतं साधं जेल होतं, आणि ती बाजू सुधारली. डावीकडे औषध होतं, आणि तो दात सुटत चालला होता.

"म्हंजे उजवीकडं औषद नव्हतंच?"

"नव्हतं."

"नुसती साफ केली, आन मी मिसरी सोडली, एवढंच?"

"एवढंच," सर म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "पण एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही मावशी. दोन्ही बाजूंना रक्त एकच फिरतं, डावीकडची तंबाखू थोडीफार उजवीकडेही पोचलीच असेल. आधीच डावी बाजू जास्त खराब असेल. शंभर तोंडं बघावी लागतात."

"ती तुमी बगा," सासूबाई म्हणाल्या. "माजं एकच हाय."

येताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडले. खरंच चिडले. "तुम्हाला कळत कसं नाही, दात तुमचेच होते ना?" असं काहीतरी मोठ्याने बोलले. थोड्या वेळाने बघितलं तर त्या रडत होत्या. डाव्या हाताने पदर तोंडाशी धरला होता. म्हणाल्या, "मना वाटलं व्हतं दोन्ही बाजू सारक्याच निगतील. मंग मी पोस्टरवाल्यांना हसनार व्हते." मला त्यांचा राग आलेला होता, तो तिथेच विरघळला. कारण मला कळलं की त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. आम्हा दोघींचा आजार एकच होता, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन तो मला तेव्हा दिसला.

मिसरी त्या दिवसापासून दोन्हीकडची सुटली. ते सोपं गेलं नाही. डोकं दुखायचं, पोट अडायचं, तोंडाला सारखं काहीतरी हवं असायचं. बाजारात शेजारी बसणारी तरुण मासेवाली त्यांना चिडवायला दुपारी मुद्दाम स्वतःची मिसरीची पुडी पुढे करायची. त्या तिला शिव्या द्यायच्या आणि बडीशेप चघळायच्या. दरम्यान त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. पोरीचा एक पेशंट आपल्यामुळे कमी झाला, तो भरून द्यायचा. मिसरी न लावणारं आणि हिरड्या दुखणारं असं तोंड शोधायला त्यांनी पाचूबंदर पालथं घातलं, मिळालं नाही. शेवटी बाजारात केळी घेऊन बसणारी जवळच्या सांडोर गावची एक बाई सापडली. तिला कॉलेजात त्यांनी स्वतः नेऊन बसवलं आणि मुलीला बजावलं, "हिला सगलं नाव घेऊन इचार. मिसरी पन."

त्या मुलीच्या प्रश्नांत तेव्हापासून मिसरी कायमची आली.

डाव्या दातासाठी डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पुन्हा साफ केला, बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधला, आणखी तीन महिने वाट बघितली. उजवीकडची हिरडी तोवर इतकी सावरली की फोटोंत कडेचा काळपटपणाही उतरलेला दिसत होता, जन्माचा सावळा रंग तेवढा उरला होता. डावीकडचं हाड मात्र आधीच गेलेलं होतं. गेलेलं हाड परत येत नाही. सरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला तेव्हा सासूबाईंनी नुसती मान हलवली. दात काढायला काहीच वेळ लागला नाही. मुलीने त्यांचा हात धरला होता. तिचेच डोळे भरून आले होते, आणि सासूबाई कापसाच्या बोळ्याआडून तिला हुंकारांनी समजावत होत्या.

कवळीची गरज नाही, फट तशीच राहिली तरी चालेल, हवं तर पुढे एक दात बसवता येईल, असं सर म्हणाले. पण मला भीती वाटत होती. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. समोर खिडकी पडलेली बाई बाजारात तोंड कशी उघडणार? त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी फोन केला, आणि रोज त्या म्हणाल्या की अंग दुखतंय, आज गेले नाय. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची बहीण यायची, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

शनिवारी आम्ही पाचूबंदरला गेलो तर घराला कुलूप. मी तशीच बाजारात गेले.

त्या जागेवर होत्या. पण मासळीवर ओलं फडकं टाकलेलं होतं आणि भाव कोणी पुकारत नव्हतं. समोर दोन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन खोळंबली होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी खालचा ओठ ओढून धरला होता, आणि शेजारची ती तरुण मासेवाली त्यांच्या तोंडात वाकून बघत होती.

"ही लावलेली बाजू," ओठ सोडून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. सगळ्या बाजाराला ती खिडकी दिसत होती आणि त्यांना पर्वा नव्हती. "ही सोडलेली. बोट लाव. लाव गो, चावत नाय मी. हलव."

तिने भीतभीत उजव्या दाताला बोट लावलं, मग जोर लावून हलवायला बघितलं. दात जागचा हलला नाही.

"बगितलंस?" सासूबाईंनी तिची हनुवटी धरली. "आता तुजं तोंड उगड."